गोकर्णची हजेरी

“आणि हेमंत?” मिसेस हॅडलींनी फोनमधून विचारलं.

मीटिंग रूममध्ये कुणी कुणाकडे बघेना. टेबलाच्या मधोमध ठेवलेला तीन पायांचा काळा फोन, ज्याला आम्ही कोळी म्हणायचो, तेवढा हिरवा दिवा लावून आमच्याकडे टक लावून होता. हेमंत गोकर्णचं तेरावं नुकतंच झालं होतं.

आमचा मॅनेजर आशुतोष कीर्तने याने प्रफुल्ल धोत्रेकडे बघून मान हलवली. प्रफुल्ल म्हणजे आमच्यातला सगळ्यात तरुण, वरोऱ्याचा पोरगा. त्याने डोळे मिटले, खांदे जरा पाडले आणि म्हणाला, “येस मिसेस हॅडली. गुड आफ्टरनून.”

माझ्या हातातला मार्कर खाली पडला. आवाज गोकर्णचा होता. शब्द ठेवायच्या आधी जागा पुसून घ्यायची, मग शब्द ठेवायचा, मग तो नीट बसला का बघायचं, ही गोकर्णची चालसुद्धा त्यात होती. मिसेस हॅडलींनी एक प्रश्न विचारला. प्रफुल्ल म्हणाला, “वन मोमेंट प्लीज,” आणि गप्प बसला. गोकर्ण बसायचा तसाच. नव्या माणसाला वाटावं की लाइन तुटली.

मी भिंतीवरच्या पांढऱ्या बोर्डावर भराभरा उत्तर लिहिलं. प्रफुल्लने डोळे किलकिले करून ते वाचलं आणि गोकर्णच्या आवाजात सांगितलं. पलीकडे, इंग्लंडातल्या त्यांच्या ऑफिसात, मिसेस हॅडली समाधानाने हुंकारल्या. फोन बंद झाल्यावर कीर्तनेने रुमालाने कपाळ पुसलं आणि सगळ्यांसाठी सामोसे मागवले.

आता हे नाटक कशासाठी, ते सांगतो. हिंजवडीत तेव्हा इमारतींपेक्षा खड्डे जास्त होते, त्या काळातली गोष्ट. मी पन्नाशीचा होतो. बँकेतली नोकरी सोडून या सल्लागार कंपनीत आलो होतो, कारण मला जुन्या, मोठ्या संगणकांची भाषा यायची आणि ती येणारे लोक झपाट्याने रिटायर होत होते. फ्लोअरवरची पोरं मला पाठारेकाका म्हणत आणि जेवणाच्या सुट्टीत गोष्टी सांगायला लावत. त्यातल्या किती खऱ्या हे त्यांनी कधी विचारलं नाही, मीही कधी सांगितलं नाही.

मिसेस हॅडलींच्या विमा कंपनीची जुनी सिस्टिम नव्या यंत्रांवर हलवायचं काम आमच्याकडे होतं. त्या सिस्टिमच्या पोटात कुठे काय दुखतं हे फक्त ती वर्षानुवर्षं सांभाळणाऱ्या गोकर्णला ठाऊक होतं. मूळचा वेंगुर्ल्याचा. अंगाने बारीक, कॉलरला रुमाल, चहा बिनसाखरेचा, भिडस्त. इतका भिडस्त की लिफ्टमध्ये आपल्या मजल्याचं बटण दुसऱ्या कुणी दाबलं नाही, तर पुढच्या मजल्यावर उतरून जिन्याने खाली यायचा. मिसेस हॅडलींनी त्याला कधी पाहिलं नव्हतं. त्यांना फक्त त्याची ती शांतता माहीत होती. त्या एकदा म्हणाल्या होत्या की बाकीचे लोक लगेच उत्तर देतात म्हणून मला भीती वाटते, हेमंत थांबतो म्हणून मला झोप लागते. त्यांनी करारात गोकर्णचं नाव घालून घेतलं होतं. हा माणूस कामावरून हलला, तर त्यांना करार मोडायची मुभा होती.

आणि गोकर्ण गणपतीला गावी गेला, आरतीला टाळ वाजवता वाजवता खाली बसला, तो उठलाच नाही.

कीर्तने दुष्ट नव्हता. सगळ्यांचे वाढदिवस त्याला पाठ असत, कुणाच्या आईचं ऑपरेशन असलं तर स्वतः गाडी काढायचा. शोकसभेत तो खरोखर रडला. ‘आपण एक कुटुंब आहोत’ हे त्याचं आवडतं वाक्य, आणि ते तो मनापासून म्हणायचा, तिथेच घोळ होता. कुटुंबातल्या गोष्टी बाहेर सांगायच्या नसतात ना. वरच्या साहेबांशी बोलून आल्यावर त्याने आम्हाला खोलीत घेतलं, दार लावलं आणि म्हणाला की नवी सिस्टिम सुरू होईपर्यंत मिसेस हॅडलींना काही कळवायचं नाही. फार तर महिना-दोन महिने. कंपनीच्या नोंदींतही गोकर्ण तोवर लांबच्या रजेवर राहील.

राहता राहिला आवाज. तर प्रफुल्ल कँटीनमध्ये सगळ्यांच्या नकला करायचा. एकदा तो कीर्तनेचीच नक्कल करत होता आणि कीर्तने थाळी घेऊन मागे उभा. आम्ही सगळे पोळीत तोंड घालून बसलो. कीर्तने न चिडता म्हणाला, “अजून कुणाकुणाचे येतात तुला?” आम्हाला वाटलं, काय मोठ्या मनाचा माणूस आहे. तो यादी लक्षात ठेवत होता.

तर अशी आमच्याकडे गोकर्णची श्रद्धांजली सकाळी झाली आणि हजेरी संध्याकाळी लागायला लागली. आमच्याकडे सायंकाळ, तिकडे त्यांची दुपार. मिसेस हॅडली शाळेतल्या बाईंसारखी नावं घ्यायच्या, एकेकाने ओ द्यायची. मग प्रश्न. प्रफुल्ल म्हणायचा वन मोमेंट प्लीज, आणि त्या शांततेत मी गोकर्णच्या जुन्या प्रोग्रामांचे गठ्ठे उपसून उत्तर शोधायचो, बोर्डावर लिहायचो. प्रफुल्लला त्या सिस्टिमची अक्षरशः काही माहिती नव्हती. त्याचं काम फक्त आवाजाचं. तो बसायचाही गोकर्णच्याच खुर्चीत, कारण फोनच्या जवळची तेवढी एकच होती.

पहिल्यांदा गंमत वाटली, हे कबूल करायला हरकत नाही. मग तो दिवस आला.

मिसेस हॅडलींनी विचारलं की एकोणतीस फेब्रुवारीला जन्मलेल्या लोकांच्या पॉलिसींची मुदत नव्या सिस्टिममध्ये चुकीची का येते. मी गठ्ठा उघडला. काही सापडेना. दुसरा उघडला. शांतता लांबत चालली होती, कीर्तने भुवयांनी मला घाई करत होता, आणि बोर्ड कोरा होता.

प्रफुल्ल बोलायला लागला. डोळे मिटलेलेच. त्याने सांगितलं की मुदत काढणाऱ्या प्रोग्राममध्ये एक ठिगळ आहे, ते कुठे नोंदवलेलं नाही, कारण ते घाईत एका म्हाताऱ्या बाईंसाठी लावलं होतं. दर चार वर्षांनी त्या पत्र पाठवून भांडायच्या. ते ठिगळ नव्या सिस्टिममध्ये आणायचं राहून गेलंय.

“मिस ट्विग,” मिसेस हॅडली हसल्या. “तुम्हाला अजून आठवतात?”

“त्यांच्याकडे मांजर होतं,” प्रफुल्ल म्हणाला.

फोन बंद झाल्यावर मी ते ठिगळ शोधलं. होतं. अगदी त्याच जागी. ते लावलं गेलं तेव्हा प्रफुल्ल वरोऱ्याच्या शाळेत होता, आणि मी बँकेत.

पाण्याच्या यंत्रापाशी मी त्याला गाठलं. पेला भरून वाहत होता, त्याचं लक्ष नव्हतं.

“काका, तुम्ही बोर्डावर लिहिलं होतं ना?”

“नाही.”

“मग मी काय वाचलं?”

“ते मी तुला विचारतोय.”

त्याने वाहणारा पेला बाजूला ठेवला. मग म्हणाला, “मी फक्त थांबलो, काका. थांबलं की येते ते. आपोआप.”

मी कीर्तनेला सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला की उत्तम, म्हणजे पोरगा शिकतोय, तुमचंही काम हलकं झालं. त्याचा चेहरा इतका निर्मळ होता की मला माझ्याच बोलण्याची शंका आली. मी आयुष्यभर थापा मारल्या, त्याचं फळ असं मिळतं. खरं सांगायची वेळ येते तेव्हा तुमचा चेहरा साथ देत नाही.

त्यानंतर बोर्ड पुसायचीही गरज उरली नाही. मी नुसता बसायचो. प्रश्न यायचा, शांतता पडायची, आणि त्या शांततेत खोली गार व्हायची. एसी वाढला असेल, असं म्हणायला मला काही अडचण नाही, पण एसीचं बटण कीर्तनेच्या हातात असायचं आणि तोही हात चोळत असायचा. नवी सिस्टिम सुरू व्हायची तारीख पुढे पुढे जात राहिली. दिवाळी झाली, नाताळ आला.

प्रफुल्ल बदलत चालला. आधी मंडळींना चिमटे काढणारा, डब्यातला ठेचा सगळ्यांना खाऊ घालणारा पोरगा. आता एकटा कोपऱ्यात बसून बिनसाखरेचा चहा प्यायचा. शर्टाच्या कॉलरला रुमाल लावायला लागला. मी विचारलं तर म्हणाला, घाम येतो. जानेवारीत. एकदा लिफ्टमध्ये आम्ही दोघंच होतो, तर बटण न दाबता उभा राहिला. मी मुद्दाम दाबलं नाही. वरून कुणीतरी लिफ्ट बोलावली, आम्ही सगळ्यात वरच्या मजल्यापर्यंत गेलो आणि तो मला “सॉरी हां” म्हणून जिन्याकडे निघाला.

सगळ्यात वाईट म्हणजे त्याची बोली गेली. ‘करून राह्यलो’, ‘काहून’, ‘मले’, सगळं गेलं. आमच्याशी मराठीत बोलतानाही तो शब्दाआधी जागा पुसायला लागला.

एका दुपारी तो माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला.

“काका, आईने फोन ठेवला.”

“म्हणजे?”

“मी म्हटलं, आई, मी बोलतोय. ती म्हणाली, कोन बोलून राह्यलं? मी म्हटलं, प्रफुल्ल. ती म्हणाली, आमचा प्रफुल्ल असा नाही बोलत जी, राँग नंबर हाये. पुन्हा लावला तर उचलला नाही.” त्याने खुर्चीची पाठ घट्ट धरली होती. “माझा साखरपुडा आहे पुढच्या आठवड्यात. मी तिथे काय बोलू? मला माझ्यासारखं बोलायलाच येत नाही. मी रोज रात्री आरशासमोर बसतो, माझी नक्कल करून बघतो. नाही येत.”

त्याला घेऊन मी तडक कीर्तनेच्या केबिनमध्ये गेलो. प्रफुल्लने रजा मागितली आणि या कामातून मोकळं करा म्हणाला. कीर्तनेने त्याला बसवलं, पाणी दिलं, साखरपुड्याचं अभिनंदन केलं, मुलगी काय करते विचारलं.

“रजा तर मिळायलाच हवी,” तो म्हणाला. “धोत्रेला मी आत्ता रजा देतो रे. पण गोकर्णला कशी देऊ?”

“गोकर्ण मेलाय, आशुतोष,” मी म्हणालो.

“काका, हळू,” कीर्तने दाराकडे बघत म्हणाला. मग प्रफुल्लच्या खांद्यावर हात ठेवून समजावत राहिला की आता शेवटचा टप्पा आहे, मिसेस हॅडली खूश आहेत, या वेळी हजेरीला एक माणूस कमी पडला तर सगळ्यांच्या पोटावर येईल, साखरपुडा पुढे ढकलता येतो, आपण एक कुटुंब आहोत. प्रफुल्ल ऐकत होता. अखेरीस त्याने मान डोलावली आणि म्हणाला, “माझ्यामुळे कुणाला त्रास नको.”

हे वाक्य धोत्रेचं नव्हतं. धोत्रे म्हणाला असता, ‘तुमी जाऊन बसा ना साहेब मंग त्या खुर्चीत.’ मी कीर्तनेकडे बघितलं. त्यालाही ते कळलं होतं. क्षणभर त्याचा हात त्या खांद्यावरून उचलला गेला. मग त्याने तो परत ठेवला.

आता माणसाच्या हातून चूक होते, पण मोठ्या कंपनीच्या हातून चूक होते ती कशी शिस्तीत होते बघा. त्याच आठवड्यात मिसेस हॅडलींनी गोकर्णच्या कामाचं कौतुक करणारी मेल वरच्या साहेबांना पाठवली. आमच्याकडे नियम होता की अशी मेल आली की त्या माणसाला वर्षाचं बक्षीस, आणि ते ‘फॅमिली डे’ला, घरच्यांच्या देखत. एचआरमध्ये एक नवी, उत्साही मुलगी आली होती. तिने नोंद पाहिली. हेमंत गोकर्ण, लांबच्या रजेवर. तिने घरच्या नंबरावर फोन लावला. सुलभावहिनींनी, गोकर्णच्या बायकोने, उचलला. मुलगी म्हणाली, मॅडम, शुक्रवारी सरांना घेऊन नक्की या, त्यांना मोठं बक्षीस आहे, आणि प्लीज, त्यांना सांगू नका हं, सरप्राइज आहे.

वहिनी म्हणाल्या, “बरं. नाही सांगत.”

आणि शुक्रवारी आल्या.

बाहेर हिरवळीवर फुगे, भेळेचे स्टॉल, पोरांची पोतं घालून शर्यत. रिसेप्शनवरून मला बोलावणं आलं की एक बाई आल्यात, तुमचं नाव घेतात. सुलभावहिनी सोफ्याच्या टोकावर बसल्या होत्या, फिकट जांभळी साडी, मांडीवर पर्स. मी त्यांना बाजूच्या छोट्या खोलीत नेलं. कुठून सुरुवात करावी कळेना. त्यांनीच केली.

“पाठारे भावजी, त्या मुलीची चूक नाही. मी काही भांडायला आले नाही. पण बक्षीस कशाचं, तेवढं सांगा.”

मी सांगितलं. पहिल्या हजेरीपासून मिस ट्विगच्या मांजरापर्यंत, प्रफुल्लच्या आईपर्यंत. खोटं एक अक्षर घातलं नाही, आणि आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी माझं सगळं बोलणं शंका न घेता ऐकत होतं.

“रोज नाव घेतात?” त्यांनी विचारलं.

“रोज.”

त्या खिडकीतून फुग्यांकडे बघत राहिल्या. “म्हणून,” त्या म्हणाल्या. “घरी कसं काहीच जाणवत नाही. लोक म्हणतात, माणूस गेलं तरी काही दिवस घरात वावर असतो. पाट सरकतो, उंबऱ्यावर चाहूल लागते. मी वाट बघितली. काही नाही. मला वाटलं, इतकी का माझ्यावर नाराजी.” मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “तुम्ही त्यांना हाक मारता, भावजी. हाक मारली की ते ओ देणारच. जेवत्या ताटावरून उठायचे. नाही म्हणता यायचं नाही कुणाला.”

एवढ्यात कीर्तने आला. रिसेप्शनने त्यालाही कळवलं होतं. तो हात जोडून उभा राहिला, डोळ्यांत पाणी. चूक झाली म्हणाला, गाडी देतो म्हणाला, मी स्वतः घरी येऊन बोलेन म्हणाला. वहिनींनी ते सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं की आजचा फोन किती वाजता.

“मॅडम, तो टेक्निकल कॉल असतो. तुम्हाला त्यात...”

“इतकी वर्षं बेडरूमच्या दाराबाहेरून ऐकलाय मी तो. रविवारचासुद्धा. आज आत बसते.”

कीर्तनेने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं.

संध्याकाळी आम्ही मीटिंग रूममध्ये बसलो. वहिनी भिंतीकडेच्या खुर्चीत. प्रफुल्ल आत आला, त्यांना बघून थबकला, आणि त्याने जे केलं ते मी अजून विसरलो नाही. कॉलरचा रुमाल काढून घाईघाईने खिशात कोंबला. घरी ओरडा बसणारा माणूस कोंबतो तसा. वहिनींनी पदर ओठांशी नेला.

कोळ्याचा हिरवा दिवा लागला. मिसेस हॅडलींनी नावं घेतली. कीर्तने. पाठारे. बाकीचे.

“हेमंत?”

“येस मिसेस हॅडली. गुड आफ्टरनून.”

मी वहिनींकडे बघायचं धाडस केलं. त्यांनी डोळे मिटले होते. चेहऱ्यावर ना भीती ना राग. स्वयंपाकघरात असताना बाहेरच्या खोलीतून नवऱ्याचा आवाज आला की बाईमाणूस जसं हातातलं काम न थांबवता ऐकतं, तसं त्या ऐकत होत्या.

मिसेस हॅडली आनंदात होत्या. त्यांनी सांगितलं की सिस्टिमची तारीख आता पक्की झाली आहे. एवढंच नव्हे, त्यांच्या आणखी तीन कंपन्यांचं काम त्या आम्हालाच देणार आहेत. काही वर्षं चालेल. अट एकच, त्याचा प्रमुख हेमंत असला पाहिजे आणि अखेरपर्यंत राहिला पाहिजे.

“हेमंत, राहाल ना तुम्ही?”

कीर्तने खुर्चीवरून अर्धा उठला होता. दोन्ही हातांनी तो प्रफुल्लला खुणावत होता, हो म्हण, हो म्हण. प्रफुल्लचं तोंड उघडलं. कपाळाची शीर उडत होती. मी त्याच्या समोर बसलो होतो, आणि मला एवढंच दिसत होतं की त्या चेहऱ्याच्या आत कुणीतरी दोन्ही मुठींनी दार ठोठावतंय आणि दुसरं कुणीतरी, अतिशय सभ्यपणे, ते लावून धरून उभं आहे.

“वन मोमेंट प्लीज,” तो म्हणाला.

शांतता पडली. खोली गार झाली. बाहेर हिरवळीवर गाणी वाजत होती, ती काचेआडून अगदी लांबची वाटत होती.

वहिनी उठल्या. टेबलापाशी आल्या. प्रफुल्लकडे बघितलंसुद्धा नाही त्यांनी. त्याच्या खुर्चीच्या जरा वर, उभ्या माणसाचा चेहरा असतो तिथे बघितलं.

“अहो,” त्या म्हणाल्या. “त्यांना नाही म्हटलं तर चालतं. काही होत नाही. चला घरी.”

आमच्या त्या चाकांच्या खुर्च्या तुम्ही पाहिल्या असतील. माणूस बसला की खाली दबतात, उठला की सुस्कारा सोडून वर येतात. प्रफुल्ल खुर्चीत बसलेला होता. हलला नाही. आणि खुर्चीने लांब सुस्कारा सोडला, आणि ती त्याला घेऊन चार बोटं वर आली.

“हॅलो?” फोनमधून मिसेस हॅडली म्हणाल्या. “हेमंत, तुम्हाला कुणीतरी बोलावतंय वाटतं.”

प्रफुल्लने बुडालेला माणूस वर येऊन घेतो तसा श्वास घेतला. मग बोलला. इंग्रजीच, पण वरोऱ्याच्या इंग्रजीत, ज्याला मी चार महिने मुकलो होतो. म्हणाला, मॅडम, मी प्रफुल्ल धोत्रे. गोकर्ण साहेब गणपतीत वारले. तेव्हापासून मी बोलून राह्यलो.

हे शेवटचे तीन शब्द मराठीतच. कीर्तने फोनवर झेपावला, त्याने आवाज बंद करायचं बटण दाबलं, पुन्हा दाबलं, पण जे जायचं ते गेलं होतं. मग मिसेस हॅडली हलक्या आवाजात म्हणाल्या, “मग मांजराचं कुणी सांगितलं?” आणि हिरवा दिवा गेला.

पुढचं थोडक्यात उरकतो. काम आमच्या हातून गेलं. कीर्तनेला बढती मिळाली आणि त्याला दुसऱ्या शहरात पाठवलं; अशा माणसांना खाली ढकलायची जागा मोठ्या कंपन्यांत नसते, म्हणून वर ढकलतात. प्रफुल्ल त्याच दिवशी गाडीत बसला. साखरपुडा वेळेवर झाला. मी गेलो होतो. पाहुण्यांनी नकला करायचा आग्रह केला, तर त्याने हात जोडले, आणि त्याची आई माझ्या कानाशी लागून म्हणाली, “मधात काय झालं होतं जी या पोराले?” मी म्हणालो, सर्दी.

तर, त्या शुक्रवारी दिवा गेल्यावर कीर्तने डोकं धरून बसला होता. वहिनी दारातून बाहेर पडल्या, तसा मी मागे निघालो. गाडी बोलावतो म्हटलं तर नको म्हणाल्या, चालतच जाऊ रिक्षापर्यंत. हिरवळीच्या कडेने आम्ही निघालो. त्या माझ्या उजवीकडे चालत होत्या, पण मध्ये एक हात जागा सोडून, आणि मी जवळ सरकलो की त्याही तेवढ्याच सरकायच्या.

स्टेजवर बक्षिसं सुरू झाली होती. खोलीत काय झालं ते एचआरच्या त्या पोरीला कोण सांगणार? तिने माइकवर नाव पुकारलं. मिस्टर हेमंत गोकर्ण.

वहिनी जागच्या जागी थांबल्या. टाळ्या पडल्या. पोरीने पुन्हा नाव पुकारलं, जरा लाडिकपणे, सर असाल तिथून या. वहिनींनी मान न वळवता, पुटपुटल्यासारखं म्हटलं, “नाही जायचं. देतील दुसऱ्या कुणाला.”

आणि मग त्या चालायला लागल्या. मी मागोमाग. तिसऱ्यांदा नाव पुकारलं गेलं तेव्हा आम्ही फाटकाच्या बाहेर होतो.

रस्त्यावर आल्यावर त्यांनी पर्स काखेत घेतली, पदर सारखा केला. चेहऱ्यावर किंचित हसू होतं, आणि ते माझ्यासाठी नव्हतं.

“पाठारे भावजी,” त्या म्हणाल्या, “तुम्ही आता इथून मागे फिरा. राग मानू नका. ऑफिसातल्या माणसांसमोर माझ्याबरोबर चालायला त्यांना लाज वाटते.”

मी मागे फिरलो. आणि दोघं वळणापलीकडे जाईपर्यंत तसाच, रस्त्याकडे पाठ करून उभा राहिलो.